तायवोचे डोळे

बदाग्री, ९ नोव्हेंबर

केहिंदे ताई,

इथूनच लांबलचक आडवं पडून नमस्कार. खरंच पडलो होतो. पण फरशी गार होती, डोळा लागला, आणि पत्र आणखी एक दिवस लांबलं. आधीचे तेवीस दिवस का लांबलं, त्याचं कारण असं की रोज सकाळी मी कागद काढायचो आणि रोज काहीतरी व्हायचं. एकदा ढोल वाजवत मिरवणूक गेली. तिच्यामागे गेलो तो शेजारच्या गावात दोन दिवस राहून आलो. कुणाची मिरवणूक होती ते अजून कळलेलं नाही. जेवण चांगलं होतं.

तू म्हणतेस, फोनवर मी ‘नेटवर्क नाही’ म्हणून पळून जातो, म्हणून पत्रच लिही. आता तर फोनही नाही, खाडीत पडला. पडला म्हणजे, मी होडीतून वाकून मासे बघत होतो आणि तो खिशातून वाकून मला बघत होता.

आता मुद्दा. आईने आबेओकुताची गाडी इथे आणणाऱ्या मुनीरू ड्रायव्हरकडून निरोप पाठवलाय. चौदा डिसेंबरला तिची साठी. तिला दागिना, पंखा, रेडिओ काही नको. तिला तायवोताईचं चित्र हवंय. आजची तायवोताई, छत्तीस वर्षांची. “पोरगा लागोसच्या लोकांची तोंडं काढतो, मग बहिणीचं काढायला काय होतं?” असं म्हणाली म्हणे.

ताई, मला तायवोताईचं काय आठवतं? मी बारा वर्षांचा होतो. एका सकाळी ती नव्हती, एवढंच. घरात तुमचा एकच फोटो: सारखे फ्रॉक, सारखी वाकडी तोंडं. आई म्हणते डावीकडची तायवो. मागच्या वर्षी उजवीकडची म्हणत होती.

आणि आईची अट आहे: डोळे उघडे हवेत. तुला म्हणून सांगतो, मला डोळे जमत नाहीत. पाट्या रंगवणाऱ्या उस्तादाकडे मी न्हाव्याच्या दुकानांच्या पाट्या शिकलो, त्यात लोक केस बघतात, डोळे नाही. पुढे चित्रशाळेत गेलो, डोळ्यांचा धडा यायच्या आधीच सोडली. म्हणून माझ्या सगळ्या चित्रांत माणसं डोळे मिटून बसलेली असतात. लागोसच्या गॅलरीवाल्या मोरेनिके मॅडमनी त्यावर चार पानं लिहिलीत: मी म्हणे ‘बघणाऱ्याच्या नजरेला नकार’ देतो. ती वाचून मलाही पटलं. दोन दिवस मी ताठ मानेने फिरत होतो.

म्हणून हात जोडून विचारतो: एक दिवस येऊन माझ्यासमोर बसशील का? तुझा चेहरा तोच तिचा चेहरा. अंदाजाने सुरुवात केलीय, पण सवयीने डाव्या हातावर तेलाने भाजल्याचा डाग काढला, मग आठवलं की डाग तुझा. आता तो कसा पुसू कळत नाही, घासून घासून हात सुजल्यासारखा दिसतोय.

तुम्हा जुळ्यांच्या पाठचा (आणि त्यामुळे वाया गेलेला, हे सगळं गाव म्हणतंच),
इदोवू


आबेओकुता, १३ नोव्हेंबर

चि. इदोवू, आशीर्वाद.

तुझं पत्र लाल शाईने सतरा चुका दुरुस्त करून परत पाठवतेय. तिसरीतली मुलं यापेक्षा बरं लिहितात, आणि त्यांना मी रांगेत उभं करते.

मी बसणार नाही.

तुला कारण सांगायची गरज पडू नये. आपल्या गल्लीत दोन घरांत ते फोटो आहेत. जुळ्यांतलं एक गेलं की उरलेल्याला फोटोवाल्याकडे नेतात, त्याचेच दोन फोटो काढतात, आणि शेजारी शेजारी भिंतीवर लावतात. एक त्याचा आणि एक गेलेल्याचा. लोक आत येतात, दोघांकडे बघतात, आणि आवाज खाली करतात. तू मला बसव, आणि त्या दिवशी आपल्या घरात लोक आवाज खाली करतील. मी खुर्चीवर बसले की तायवो मेली. एवढं सरळ आहे.

आईला हे कळतं की नाही, मला माहीत नाही. यंदाही तिने साठीसाठी कापड दोघींचं घेतलं. निळं, पांढऱ्या पक्ष्यांचं. माझं शिंप्याकडे दिलं, दुसरं माझ्या कपाटात. चौदा वर्षांची न शिवलेली कापडं आहेत तिथे, कपाटाचं दार लागत नाही. “जुळ्यांच्या आईने एक घेऊ नये,” म्हणते आणि गाड्यावरच्या अकारा-वड्यांचं पीठ फेटायला लागते.

तुला काढायचंच असेल तर मनाने काढ. आणि तो डाग नीट पुस. कढई उलटली तेव्हा तायवोने मला मागे ओढलं म्हणून हातावर निभावलं. डाग माझा आहे, तो तिच्या अंगावर नको.

जेवत जा. डोळे जमत नसतील तर शिकून घे, सव्वीस वर्षांचा झालास.

केहिंदे


बदाग्री, २० नोव्हेंबर

ताई,

सतरा चुका बघितल्या. अठरावी तुझ्याकडून सुटलीय, ती सांगत नाही.

डोळे शिकतोय. पहिल्यांदा आरशात बघून स्वतःचे काढले. ज्याच्या दुकानामागे मी राहतो तो गानियू पंक्चरवाला टायर सोडून बघायला आला. म्हणाला, “ही बाई कुणाचं तरी काहीतरी चोरून आलीय.” मग पुसले आणि शेजारणीच्या बकरीला समोर बांधलं, कारण बकरी हलत नाही असा माझा समज होता. तो चुकीचा आहे. शेवटी डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग लावून ठेवला आणि चित्र गानियूच्या दुकानासमोर टायरांना टेकवून वाळत ठेवलं.

तेवढ्यात मोरेनिके मॅडम गाडीतून उतरल्या. चित्रासमोर उभ्याच. “इदोवू! रिकामे डोळे! तू पुढच्या टप्प्यावर गेलास!” मी सांगणार होतो की मी मागच्याच टप्प्यावर अडकलोय. पण त्या इतक्या खूश होत्या की मी मान हलवली. त्यांना हे लागोसच्या प्रदर्शनाला हवंय. म्हटलं, आईचं आहे. “म्हणजे मातृत्वाचा प्रश्न!” म्हणाल्या आणि वहीत लिहिलं.

पण खरी गंमत पुढे. काल मंगळवार, बाजारातली सिकिराची आई टोमॅटोच्या टोपल्या घेऊन सीमेपलीकडे निघाली होती. दर मंगळवारी पोर्टो-नोवोला जाते. चित्र बघून टोपलीसकट थांबली.

“अरे देवा, आमच्या बाईंना आंधळं कुणी केलं?”

“कुठल्या बाई?”

“केहिंदेबाई! माझ्याकडून टोमॅटो घेतात ना.”

“ती माझी बहीण आहे,” मी म्हणालो.

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “मग तू असा कसा झालास? बरं, सांग तिला, प्रत्येक टोमॅटो दाबून बघायचा नसतो म्हणावं.”

ताई, मला वाईट वाटलं. तू पोर्टो-नोवोपर्यंत टोमॅटो घ्यायला जातेस, वाटेत बदाग्री लागतं, आणि भावाला भेटत नाहीस? अर्धा तास मी रागाने नुसता बसून होतो. मग होड्या आल्या, मासे आले, विसरलो. पण आता लिहिताना पुन्हा राग आलाय, तेव्हा उत्तर दे.

इदोवू


आबेओकुता, २२ नोव्हेंबर

इदोवू,

मी आयुष्यात सीमा ओलांडलेली नाही.

ती बाई काय म्हणाली ते शब्द न शब्द लिही. सजवू नकोस. मासे नकोत, बकरी नको. तिला परत गाठ आणि विचार: त्या बाई कोण, काय करतात, कधीपासून. हे पत्र मुनीरूच्या हातात देऊन तो निघेपर्यंत मी स्टँडवर उभी आहे.

केहिंदे


बदाग्री, २६ नोव्हेंबर

ताई,

शब्द न शब्द. मासे नाहीत.

आज पहाटे सिकिराच्या आईला टोपल्यांसकट गाठलं. ती म्हणाली, “पोलिसात लागलास का?” मी म्हटलं, घरचं काम आहे. मग सांगायला लागली.

“तिथल्या, पोर्टो-नोवोच्या बाजारामागे बदामाचं झाड आहे. संध्याकाळी तिथे फळा टेकवतात. आम्ही पंधरा-सोळा बायका. दिवसभर विकून पाय मोडलेले असतात, पण बसतो. त्या आम्हाला लिहायला शिकवतात. मला माझं नाव येतं आता. बँकेत अंगठा द्यायला गेले तर म्हटलं, थांब, पेन आण! दहा-बारा वर्षं झाली असतील त्यांना. एकट्याच असतात. फार बोलत नाहीत, पण एकदा रागावल्या ना की आपण लहान होतो. एकदा एका मेल्याने विचारलं, बाई, तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे का शिकवायचं? तर म्हणाल्या, आहे. घरी आईच्या भिंतीवर टांगलंय.”

“नाव काय म्हणालीस त्यांचं?”

“किती वेळा सांगू? केहिंदे.”

ताई, मी तसा मंद आहे हे तुला माहीत आहे. म्हणून मी फक्त लिहून पाठवतोय. आपल्या आईच्या भिंतीवर एकच सर्टिफिकेट आहे. तुझं.

हातावर डाग आहे का ते विचारायचं मला सुचलं नाही. चित्रकार आहे मी.

इदोवू


आबेओकुता, २८ नोव्हेंबर

इदोवू,

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि दोनदा जाळलं. यात काही चूक राहिली असेल तर राहू दे.

ते सर्टिफिकेट तिचं आहे.

आम्ही एकोणीस वर्षांच्या होतो. शिक्षक कॉलेजच्या प्रवेशाची परीक्षा दोघींनी द्यायची होती. आदल्या वर्षी मी हॉलमध्ये बसून एक ओळ न लिहिता उठून आले होते. त्या सकाळी पुन्हा हात थरथरायला लागले, घोट गिळता येईना. मी तायवोचा हात धरला आणि म्हटलं, “तू माझ्या जागी बस. माझं कार्ड घेऊन जा. कुणाला कळणार आहे?” तिने विचारलं, “मग माझी खुर्ची?” मी म्हटलं, “तू हुशार आहेस, तू पुढच्या वर्षी कधीही पास होशील.” ती गेली. माझ्या नावाने बसली. तिची खुर्ची रिकामी राहिली. माझा चौथा नंबर आला.

पुढच्या वर्षी आईचा पाय मोडला, अकाराच्या गाड्यावर कुणीतरी उभं राहायला हवं होतं. मी कॉलेजात, म्हणून ती उभी राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विषयच काढला नाही. मीही नाही.

लोक म्हणतात ना, जुळ्यांत जो मागून येतो तोच मोठा. तोच पहिल्याला सांगतो, तू आधी जा, जग कसं आहे बघून ये. जन्मताना मी तिला पुढे पाठवलं आणि त्या सकाळीही मीच पाठवलं. दोन्ही वेळा मी मागे निवांत राहिले.

मला शाळेत नेमणूक मिळाली तेव्हा आईने गल्लीला जेवण घातलं. तायवो जोलोफ भात वाढत होती. आई सगळ्यांसमोर म्हणाली, “देवाने दोन दिल्या, पण डोकं एकीलाच दिलं.” सगळे हसले. मीही हसले, इदोवू. तायवोने माझ्या ताटात भात वाढला, मांसाचा मोठा तुकडा घातला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती नव्हती.

तुला म्हटलं होतं की मी बसले तर तायवो मेली म्हणून बसणार नाही. ते खरं होतं, पण अर्धंच. ती एकदा माझ्या जागी बसली होती. आता मी तिच्या जागी बसायचं, तिचा चेहरा म्हणून, आणि सगळ्यांनी छान म्हणायचं? मला ते जमणार नव्हतं.

सोबत बंद पाकीट आहे. सिकिराच्या आईकडून त्या बाईंना दे. उघडू नकोस. मला तुझा स्वभाव माहीत आहे, म्हणून दोनदा चिकटवलंय. आईला काही कळू देऊ नकोस, त्या बाई म्हणजे तायवो असली तरी आणि नसली तरी.

आणि मी येते. शनिवारी, सात तारखेला, शाळेत माझ्यावर परीक्षेच्या देखरेखीची पाळी आली नाही तर. तिने उत्तर दिलं नाही तर निदान आईला चित्र तरी मिळू दे. मी बसेन.

केहिंदे


बदाग्री, ७ डिसेंबर

ताई,

हे पत्र मुनीरूची चारची गाडी सुटण्याआधी पोचवायचंय, म्हणून माझं अक्षर आज नेहमीपेक्षाही वाईट आहे. गानियूच्या फोनवरून तुला पाच वेळा लावलं. उचलत नाहीस, म्हणजे परीक्षेची पाळी आलीच तुझ्यावर. मला ते सकाळीच सुचायला हवं होतं. सुचलं असतं तर पुढचं सगळं घडलं नसतं, म्हणून बरं झालं.

क्रमाने सांगतो. पाकीट मंगळवारी दिलं. उघडलं नाही. किटलीच्या वाफेवर धरलं होतं, खरं सांगतो, पण चहा उतू गेला आणि मी तो पुसायला धावलो. सिकिराची आई परत आल्यावर म्हणाली, “बाईंनी उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवलं. त्या दिवशी टोमॅटो न दाबता घेतले. मी घाबरले.”

मग काहीच नाही. बुध, गुरू, शुक्र. मी ठरवलं, तू शनिवारी येशील, तुझे डोळे काढू, आणि हे चित्र आईला द्यायचं आणि गप्प बसायचं.

आज सकाळी आठला दारात तू उभी. म्हणजे तू. तपकिरी झगा, डोक्याला रुमाल, काखेत पिशवी, चेहऱ्यावर धूळ, हे थंडीचे कोरडे वारे सुटलेत ना. मी नमस्काराला आडवा पडलो, उठलो, आणि बोलायलाच लागलो. “ताई, आलीस! बस बस, आत्ता उजेड चांगला आहे, नंतर गानियू टायर जाळतो.” तुला खुर्चीत ढकललं. चित्र समोर ठेवलं. चहासुद्धा विचारला नाही.

तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, रागावलीय. म्हणून मी तुला बरं वाटावं म्हणून बडबडत राहिलो, रंग मिसळत. म्हणालो, “त्या परीक्षेचं मनाला लावून घेऊ नकोस. हात थरथरत होते, एकोणीस वर्षांची होतीस. आणि आईच्या त्या जेवणात तू हसलीस, ते तू चौदा वर्षं विसरली नाहीस, हेच पुष्कळ आहे. तिची कापडं तू अजून कपाटात ठेवतेस, दार लागत नाही तरी.” असं खूप काही. तू सगळं ऐकत होतीस, माझ्याकडे बघत. पापणी हलत नव्हती. बकरीपेक्षा फारच बरी.

आणि ताई, डोळे जमले. कसे ते विचारू नकोस. मी तोंडाने बोलत होतो म्हणून बहुतेक हाताला घाबरायला वेळ मिळाला नाही. तासाभरात दोन उघडे डोळे माझ्याकडे बघत होते, आणि गानियू दारात येऊन म्हणाला, “ही आता कुणाचं काही चोरणार नाही.”

तेव्हा तू पहिल्यांदा बोललीस. म्हणालीस, “तिने हे सगळं तुला लिहून सांगितलं?”

मी म्हटलं, “कुणी?”

पाण्याचा ग्लास घ्यायला तू डावा हात पुढे केलास. बाही वर सरकली. हात स्वच्छ होता, ताई. कोपरापासून मनगटापर्यंत नुसता हात.

माझ्या तोंडून आवाज फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा, तुला आनंद होईल. ती पाणी प्यायली, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, “तिला सांग, तिने विचारलं नसतं तरी मी तिच्या जागी परीक्षेला गेले असते. तिला घोट गिळता येत नव्हता.” मग उठून चित्रासमोर गेली. बराच वेळ बघितलं. म्हणाली, “केहिंदे छान आलीय. माझं कधी काढणार?”

मी जमिनीवरच बसलो. ती हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली, मग मला म्हणाली, “नाक पूस, एवढा मोठा झालास,” आणि नाक तिचंच वाहत होतं.

आता ती माझ्या चटईवर झोपलीय. रात्रभर बसच्या स्टँडवर बसून होती, येऊ की नको करत. डोळे मिटलेत. मी आजवर शंभर मिटलेले डोळे काढले, पण हे काढावेसे वाटत नाहीत, नुसते बघावेसे वाटतात. मोरेनिके मॅडमना मी काय सांगणार, देव जाणे.

झोपण्याआधी तिने आईबद्दल एकच विचारलं: “अजून दोन-दोन घेते?” मी म्हटलं, घेते.

तेव्हा हे वाचल्या वाचल्या ते निळं कापड कपाटातून काढ आणि शिंप्याकडे टाक. माप तुझंच दे, पण कमरेत दोन बोटं कमी सांग. तिला तुझ्यासारखं बसून खायला मिळालेलं नाही. डावा खांदाही जरा खाली आहे, फळ्यावर लिहून लिहून. बघ, तुम्हा दोघींतला फरक मला सव्विसाव्या वर्षी दिसायला लागलाय.

मुनीरू हॉर्न वाजवतोय.

इदोवू